गतिरोधकासाठी मेलेली बाई

लास तोतोरासच्या शाळेपुढे, अंजिराच्या झाडापाशी रस्ता एकदम समुद्राकडे वळतो. त्या वळणावर ओर्फेलिना कारेन्यो अकरा वर्षं हातात गोल लाल पाटी घेऊन उभी राहिली. सकाळी आठला आणि दुपारी साडेतीनला. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘थांबा’ असं लिहिलेलं होतं. थांबायचं राहू द्या, निम्मे ड्रायव्हर ती दोन अक्षरं वाचून होईपर्यंत पुढच्या गावाच्या वेशीत शिरलेले असत.

तिला तिथे कुणी नेमलं नव्हतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची. रस्त्यावर डांबर पडलं आणि डोंगरातून पाइनचे ओंडके भरलेले ट्रक खाली यायला लागले, त्या वर्षी एका ट्रकनं एका पोराचं दप्तर उडवलं. दप्तरच, पोर नाही. सगळा गाव म्हणाला, देवाची कृपा. ओर्फेलिना म्हणाली, “देवाला रोज दोनदा इथे यायला जमायचं नाही. मी येते.” दुसऱ्या दिवशी पिठाच्या पिंपाचं झाकण लाल रंगवून, त्याला खराट्याचा दांडा ठोकून बाई वळणावर हजर.

तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं, यावर गावात दोन तट होते. एक म्हणायचा, जिभेमुळे. दुसरा म्हणायचा, पोस्टमास्तरामुळे. तो पोस्टमास्तर जुन्या काळी दिवसातून तीनदा पाव न्यायला यायचा, आणि एकट्या माणसाला एवढा पाव लागत नाही हे कुणालाही कळतं. तो बदली होऊन गेला. जीभ मात्र राहिली. एखादा ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबून थांबलाच तर ती त्याच्या खिडकीपाशी जाऊन विचारायची, “काय रे, बायको बाळंत झाली का? नाही? मग एवढी घाई कुठल्या बाईकडे जायची?” ही विचारपूस टाळण्यासाठी तरी काही जण हळू येत. पण थोडेच.

तिला हवी होती बैलाची पाठ. रस्त्यावर आडवा उंचवटा घालतात, गाडीला हळू व्हावंच लागतं, त्याला आमच्याकडे बैलाची पाठ म्हणतात. सरकारी कागदावर गतिरोधक. अकरा वर्षांत तिनं रस्ते खात्याकडे नऊ अर्ज केले. अर्जाच्या छापील कागदावर एक रकाना असायचा, ‘या ठिकाणी झालेले मृत्यू’. तिथे ती खरं ते लिहायची, शून्य. एकदा ती स्वतः जिल्ह्याच्या गावी जाऊन खिडकीतल्या कारकुनाला भेटली.

“बाई, रकाना रिकामा आहे,” कारकून म्हणाला.

“रिकामा राहावा म्हणूनच मागतेय.”

“पण रिकामाच आहे तर मागता कशाला?”

यावर ओर्फेलिनालाही उत्तर सुचलं नाही, आणि ही गोष्ट तिच्या आयुष्यात दोनदाच घडली. दुसऱ्या वेळेकडे आपण येऊच.

आता त्या वळणाचं खरं दुखणं सांगतो. तिथे एक जुनी आनिमिता होती. रस्त्यावर अपघातानं माणूस मेला की जिथे रक्त सांडलं तिथेच त्याचा जीव घोटाळत राहतो, प्रेत कुठेही पुरलेलं असो. म्हणून तिथे गुडघ्याएवढं घरकुल बांधायचं, मेणबत्ती लावायची, नवस बोलायचा. ही आनिमिता होती एका खेचरवाल्याची. खेचर बिथरून तो दगडावर आपटला होता, पण डांबर पडायच्या फार आधी, त्यामुळे खात्याच्या लेखी तो मेलेलाच नव्हता. ड्रायव्हरांच्या लेखी मात्र तो मोठा देव. त्याच्यासमोरून जाताना प्रत्येक जण दोनदा हॉर्न वाजवी आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा हात फिरवून क्रूस करी. म्हणजे पंचक्रोशीतलं सगळ्यांत वाईट वळण, जिथे दोन्ही हात चाकावर हवेत, नेमकं तिथेच आमच्या लोकांचा एक हात हॉर्नवर आणि दुसरा देवाकडे. ओर्फेलिना पाद्रीबाबांकडे गेली. बाबांनी एका रविवारी सांगूनही टाकलं की गाडी चालवताना क्रूस मनातल्या मनात केला तरी देवाला पोचतो. बाहेर आल्यावर ड्रायव्हर मंडळी म्हणाली, बाबा राजधानीचे आहेत, आणि त्यांना गाडीही येत नाही.

या मंडळींत पहिला बाउदिलियो. ‘पाकोळी’ नावाची निळी बस त्याची. गावातून शहराला जाणारी तेवढी एकच. माणूस सोन्यासारखा, पाय तेवढा जड. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ओर्फेलिना धर्ममाता होती, म्हणून तो तिला ‘कोमाद्रे’ म्हणायचा, आणि रोज आठ वाजून पाच मिनिटांनी तिच्या पाटीला चुकवून सत्तरच्या वेगानं वळण घ्यायचा.

मे महिन्यातल्या एका सोमवारी, अंजिराची ओली पानं रस्त्यावर पडलेली, पोरं ओलांडून पलीकडे गेलेली, ओर्फेलिना परत फिरत होती. ‘पाकोळी’चा हॉर्न दोनदा वाजला. बाउदिलियोचा हात कपाळावर गेला, छातीवर आला, डाव्या खांद्याला लागला. उजव्या खांद्यापर्यंत पोचायच्या आत बाई हवेत होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. रुग्णवाहिका तिला घेऊन गेली. चार दिवसांनी दुकानवाल्या एदेलमिरानं, गावातला एकुलता एक फोन तिच्याकडे, इस्पितळात फोन लावून विचारलं, अकरा नंबरच्या खाटेवरची बाई कशी आहे? पलीकडचा माणूस चौकशी करून आला आणि म्हणाला, पहाटेच वारली, फार वाईट वाटतं. वारली होती हे खरं, पण ती कुणी दुसरीच म्हातारी. ओर्फेलिनाला आदल्या संध्याकाळी राजधानीच्या मोठ्या इस्पितळात हलवलं होतं आणि खाट दुसरीला दिली होती. एदेलमिरानं फोन ठेवला तो थेट रेडिओवाल्यांना करायला. दुपारच्या बातम्यांत ओर्फेलिना मेली.

आणि प्रेताचं काय? एवढा साधा प्रश्न कुणालाच पडला नाही असं नाही. पण तिची बहीण देशाच्या पार शेपटाला, पुंता आरेनासला राहायची. तिनंच नेलं असेल असं ठरलं. आणि आनिमितेला प्रेत लागतं कुठे? रक्त तर इथेच सांडलं होतं.

बाउदिलियोनं चार दिवस बस उभी ठेवली आणि स्वतःच्या हातानं तिची आनिमिता बांधली. खेचरवाल्याच्या शेजारीच, पण त्याच्या दुप्पट उंच. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, ‘पाकोळी’तला उरलेला निळा रंग. आत शाळेच्या वाढदिवसाचा तिचा फोटो, पावाचं तबक धरून फोटोवाल्याकडे रागानं बघणारा. नऊ दिवसांची प्रार्थना तिच्याच घरी झाली, आणि आलेल्यांसाठी कोंबडीचा रस्सा तिच्याच कोंबड्यांचा. शेवटच्या दिवशी बाउदिलियोनं सगळ्यांसमोर शपथ घेतली की या वळणावर पाकोळीचा काटा कधी तिसाच्या वर जाणार नाही.

आणि गेला नाही, बरं का. बाउदिलियो हळू चालवतो म्हटल्यावर त्याच्या मागचे हळू झाले. ओंडकेवाल्यांपैकी एकाचा ब्रेक उतारावर गेला आणि ट्रक वाळूत रुतून नेमका निळ्या घरकुलापाशी थांबला. झालं. आठवड्याभरात तिथे ‘कृपेबद्दल आभारी’ अशा पितळी पट्ट्या लागल्या, आणि ट्रकवाले अंजीर दिसताच गियर बदलायला लागले. अकरा वर्षं उन्हापावसात उभं राहून ओर्फेलिनाला जे जमलं नाही, ते तिनं मेल्यावर, त्या शपथेपासून अकरा दिवसांत करून दाखवलं.

एदेलमिरा वस्तीच्या कमिटीची अध्यक्ष. तिनं दहावा अर्ज केला. रकान्यात लिहिलं, एक. पुरावा म्हणून निळ्या आनिमितेचा फोटो जोडला, मेणबत्त्या पेटवून. आमच्या देशात याहून मोठा पुरावा कुठला? मेल्याशिवाय कुणाची आनिमिता बांधतात का? खात्यानंही तेच मानलं. तीन आठवड्यांत उत्तर: गतिरोधक तत्त्वतः मंजूर, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिनिअर जागेची पाहणी करतील.

ऑगस्टच्या अखेरीस शहराच्या बसथांब्यावर, हातात काठी आणि काखेत कापडी पिशवी घेतलेली एक बाई पाकोळीत चढली.

“एक तिकीट. आणि हळू चालव.”

बाउदिलियोनं वर पाहिलं आणि त्याच्या हातातली सुटी नाणी खाली सांडली.

“कोमाद्रे,” तो कसाबसा म्हणाला, “मी दर सोमवारी तुझ्यासाठी मेणबत्ती लावतो.”

“का रे? गावातली वीज गेलीय का?”

मग त्यानं सगळं सांगितलं. रेडिओ, आनिमिता, नऊ दिवस, पितळी पट्ट्या. ओर्फेलिना हसली, खुबा दुखेस्तोवर हसली. बाउदिलियो तिचे हात धरून रडला. तिकिटाचे पैसे घेईना. बसमधल्या बायकांनी तिच्या गालाला, हाताला हात लावून बघितला, एकीनं चिमटाही काढला. ओर्फेलिनानं तिच्या हातावर चापट मारली तेव्हा कुठे सगळ्यांची खात्री पटली.

बस सुटली. बाउदिलियो गात होता. ओर्फेलिना त्याच्या मागच्याच सीटवर बसून खिडकीतून झाडं बघत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की झाडं फार भराभर जातायत.

“बाउदिलियो, काटा बघ.”

“अगं, आज काटाबिटा काही नाही. चार महिने छातीवर धोंडा होता, कोमाद्रे. वाटायचं, खून केला मी. आणि तू इथे मागे बसून माझ्याशी भांडतेयस. काहीच झालं नाही म्हणायचं.”

“माझा खुबा मोडला.”

“तोच तर. खुबाच.”

अंजिराच्या वळणावर काटा ऐंशीवर होता. हॉर्न दोनदा वाजला, हात कपाळावर गेला. खेचरवाल्यासाठी एकदा आणि शेजारच्या निळ्या घरकुलासाठी एकदा, सवयीनं. ओर्फेलिनानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले.

संध्याकाळी एदेलमिराच्या दुकानामागे कमिटी बसली. चहा होता, गरम सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, होत्या, आणि सगळ्यांचे चेहरे कुणी गेल्यावर असतात तसे.

“तू जिवंत आहेस याचा आनंद कुणाला नाही?” एदेलमिरा म्हणाली. “पण वेळ बघ ना, बाई. इंजिनिअर दोन आठवड्यांवर आलाय.”

“मग? आला तर सांगायचं त्याला, मरता मरता वाचली. तेवढ्यानं नाही भागत?”

“रकाना मृत्यूचा आहे. मरता मरताचा नाही.” एदेलमिरानं खात्याचं पत्र तिच्यापुढे सरकवलं. “दोन आठवडे. घरात बस, पडदा ओढ, धूर करू नकोस. जेवण मी पाठवते. तो बघून, सही करून गेला की बाहेर ये. मग कुणी बैलाची पाठ उखडून नेणार नाही.”

“आणि पोरांना कोण ओलांडवणार?”

“आम्ही बघू की. इतके दिवस कोण बघत होतं?”

“इतके दिवस गाड्या हळू होत्या.”

बाउदिलियोनं कपात बघितलं.

“माझ्या कोंबड्या कुठेयत?” ओर्फेलिनानं विचारलं.

चार त्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत संपल्या होत्या. उरलेल्या तीन एदेलमिराकडे होत्या, आणि ती त्यांना आता नावानं हाक मारत होती. ओर्फेलिनानं पत्र पुन्हा वाचलं. ‘मंजूर’ या शब्दावरून तिनं बोट फिरवलं. अकरा वर्षांत खात्याच्या कागदावर हा शब्द तिनं पहिल्यांदाच बघितला होता.

“दोन आठवडे,” ती म्हणाली. “एक दिवस जास्त नाही. आणि कोंबड्या परत.”

तिचं घर वळणाच्या बरोब्बर समोर. पडद्याच्या फटीतून तिला तिची स्वतःची आनिमिता दिसायची. त्या दोन आठवड्यांत बाईनं जे ऐकलं ते फार कमी माणसांच्या नशिबी येतं. ज्या बायकांनी जन्मात तिला जेवायला बोलावलं नव्हतं त्या मेणबत्ती लावून म्हणायच्या, किती प्रेमळ होती हो. ती जिवंत आहे हे त्यांनाही ठाऊक झालं होतं, तरी यायच्या. एकीला कुणीतरी टोकलं तर ती म्हणाली, “असू दे की जिवंत. जागा तर चांगली आहे ना मागायला.”

गाड्यांचं मात्र तसं नव्हतं. बातमी शहराच्या थांब्यावरून ओंडकेवाल्यांपर्यंत दोन दिवसांत पोचली: ती बाई मेलीबिली नाही, खुबा तेवढा मोडला. ओर्फेलिना पडद्यामागे स्टुलावर बसून इंजिनांचे आवाज ऐकायची. आधी अंजिरापाशी गियर बदलल्याचा खडखडाट यायचा. तो रोज थोडा कमी होत गेला. दुसऱ्या आठवड्यात येईनासाच झाला. नुसता हॉर्न, दोनदा, आणि सपाट्यानं गेलेला वारा. बाउदिलियोची बायको नोल्फा दोन दिवस पोरांना ओलांडवायला उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिचे कपडे वाळायचे होते. पोरं आपापली धावत ओलांडायची. ओर्फेलिना प्रत्येक पोर मोजायची. बावीस गेली की श्वास सोडायची. एकदा एकवीसच झाली आणि ती काठी न घेता दारापर्यंत गेली. बाविसावं खालच्या बाजूला बुटाची नाडी बांधत बसलं होतं.

ती परत स्टुलावर येऊन बसली. उरले होते चार दिवस.

इंजिनिअर गुरुवारी आला. इतुरिएता नावाचा, तिशीतला, पांढरे बूट घालून. एदेलमिरानं आनिमितेपाशी ताजी फुलं ठेवली होती. इंजिनिअरनं फोटोपुढे टोपी काढली, पितळी पट्ट्या मोजल्या, वहीत काहीतरी लिहिलं. “फार दुर्दैवी,” तो म्हणाला. “तरुण होत्या का?”

“छप्पन वर्षांची होती,” एदेलमिरा डोळे पुसत म्हणाली. “आणि फार गोड बोलायची.”

पडद्यामागे स्टूल करकरलं.

मग मोजमाप. बाउदिलियोनं टेपचं एक टोक रस्त्याच्या कडेला धरलं. दुसरं टोक घेऊन इंजिनिअर रस्त्याच्या मधोमध गेला, खाली वाकला आणि खडूनं खूण करायला लागला. त्याची पाठ चढाकडे होती. वळणापाशी रस्त्यात उभं राहून पाठ चढाकडे करायची नसते हे आमच्या बाविसांतल्या सगळ्यांत लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याला कोण सांगणार? सांगणारी मेलेली होती.

वरून हॉर्न वाजला. दोनदा.

बाकीच्यांना तो नुसता हॉर्न. ओर्फेलिनाला त्या आवाजाचा सगळा अर्थ माहीत होता: आता एक हात चाकावरून निघाला, आता कपाळाला लागला, आता छातीला. दार कसं उघडलं, पाटी कोपऱ्यातून कधी उचलली, तिला नंतर आठवेना. लंगडत, काठीविना, चपलेविना ती रस्त्यात जाऊन इंजिनिअरच्या आणि ट्रकच्या मध्ये उभी राहिली आणि पाटी डोक्यावर धरली.

ट्रकवाल्यानं वळणावर येताच काय बघितलं असेल याची कल्पना करा. तो महिनाभर वरच्या डोंगरातच होता, बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. ज्या मेलेल्या बाईला तो क्रूस करत होता तीच बाई, फोटोतल्यासारखी रागावलेली, विस्कटलेल्या केसांनी रस्त्यात उभी. त्याचे दोन्ही हात चाकावर आले आणि दोन्ही पाय ब्रेकवर. चाकांनी किंकाळी फोडली, ओंडके साखळ्यांत कडकडले, ट्रक आडवा होत होत तिच्यापासून दोन पावलांवर उभा राहिला. बाउदिलियो केव्हाच चरात पडला होता, टेपसकट. जिवंत बाईसाठी तो ट्रकवाला थांबला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. तिला मात्र माहीत होतं.

ट्रकवाला खाली उतरला आणि रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. “सांता ओर्फेलिना,” तो म्हणाला.

इंजिनिअर खडू हातात धरून तसाच बसला होता. त्यानं बाईकडे बघितलं, मग फोटोकडे, मग परत बाईकडे.

“बहीण,” एदेलमिरा पटकन म्हणाली. “जुळी बहीण आहे, साहेब. पुंता आरेनासहून आलीय, कालच. दुःखानं जरा...”

गोष्ट इथे निभावली असती. इंजिनिअर भेदरलेला होता, त्याला जुळी काय, तिळी म्हटली असती तरी चाललं असतं. ओर्फेलिनानं फक्त गप्प राहायचं होतं. पण समोर तो ट्रकवाला गुडघ्यांवर बसून पुन्हा क्रूस करायला लागला, आणि बाईच्या डोक्यात तिडीक गेली.

“ऊठ रे,” ती म्हणाली. “हात खाली घे आधी. चाकावर दोन हात ठेवायला काय झिजतोस का? अकरा वर्षं झाली मला या रस्त्यात उभं राहून सांगताना. अकरा वर्षं.”

इंजिनिअरनं मान वर केली. चरातून बाउदिलियोचं “कोमाद्रे” असं विव्हळणं ऐकू आलं. आणखी काही बोलायला उरलं नाही.

इंजिनिअर भला माणूस होता हे कबूल केलं पाहिजे. त्यानं कुणावर खटला भरला नाही, आवाज चढवला नाही. एदेलमिराच्या दुकानात बसून दोन पेले पाणी प्यायला. निघताना ओर्फेलिनाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “बाई, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. मी तुमचं ऋण विसरणार नाही. अहवालात तुमच्याबद्दल लिहीन.”

“माझ्याबद्दल नको. बैलाच्या पाठीबद्दल लिहा.”

“जे बघितलं ते सगळं लिहीन.”

त्याची जीप गेल्यावर एदेलमिरा दारातून वळली. मग म्हणाली, “एक मिनिट. एक मिनिट उशिरा बाहेर आली असतीस तरी चाललं असतं.”

“तो मेला असता.”

“मेला असता. आणि रकान्यात खात्याचाच माणूस आला असता. एकाच्या जागी दोन बैलांच्या पाठी मिळाल्या असत्या, वर लाल दिवा.”

एदेलमिरा दुष्ट बाई नाही. तिची दोन नातवंडं त्या बाविसांत आहेत. म्हणूनच ती असं म्हणाली, आणि ओर्फेलिनाला ते कळलं म्हणूनच तिनं उलट उत्तर दिलं नाही. त्यानंतर महिनाभर गाव तिच्याशी जपून वागला, म्हणजे फारसा बोललाच नाही. ट्रक ऐंशीनं जात राहिले. निळ्या घरकुलापुढे मेणबत्त्या लागत राहिल्या, आणि ओर्फेलिना पुन्हा सकाळी आठला आणि दुपारी साडेतीनला उभी राहायला लागली. दोन कोंबड्या परत मिळाल्या. तिसरी एदेलमिराला सोडून येईना.

ऑक्टोबरच्या शेवटी पत्र आलं. चांगल्या जाड कागदावर, शिक्का मारलेलं. कमिटी जमली. ओर्फेलिना मागच्या बाकावर, बुटांची टोकं जुळवून बसली होती. एदेलमिरानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

‘पाहणीच्या वेळी निम्नस्वाक्षरीकारास प्रत्यक्ष अनुभवास आल्याप्रमाणे, सदर वळणावर श्रीमती ओर्फेलिना कारेन्यो यांच्या मार्फत चालणारी व्यवस्था अत्यंत तत्पर व परिणामकारक आहे. त्यांच्या प्रसंगावधानामुळे एक जीवितहानी टळली. सदर ठिकाणी मृत्यूंची संख्या शून्य असल्याचेही निष्पन्न झाले आहे. सबब विद्यमान व्यवस्था पुरेशी असून गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही. श्रीमती कारेन्यो यांच्या सेवेबद्दल खाते त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे.’

सोबत प्रशस्तिपत्रक होतं, सोनेरी किनारीचं. नावही अचूक लिहिलेलं.

एदेलमिरानं चष्मा काढला. बाउदिलियोला राहवलं नाही. “वाईट काय त्यात?” तो म्हणाला. “सरकारनंच लिहून दिलं. तू आहेस तोवर काळजी नाही, कोमाद्रे.”

“आणि मी नसले की?”

बाउदिलियोनं एदेलमिराकडे बघितलं. तिनं पत्राची घडी घातली, घडीवरून नखं फिरवली, पत्र पाकिटात ठेवलं.

“मग नवा अर्ज करू,” ती म्हणाली. “या वेळी फोटो नको. मृत्यूचा दाखलाच जोडू.”

ओर्फेलिनाला उत्तर सुचलं नाही, ते हे दुसऱ्यांदा. सव्वातीन झाले होते. ती उठली. डाव्या हातात काठी घेतली, उजव्या हातात पाटी, आणि उतारावरून खाली गेली. शाळेची घंटा झाली तशी पोरं फाटकातून सुटली. पूर्वी ती एका हातानं पाटी धरायची आणि दुसरा हात आडवा करून त्यांना छातीशी थोपवायची. आता तो हात काठीवर होता. पहिलं पोर तिच्या कोपराखालून वाकून रस्त्यावर उतरलं, आणि वरून हॉर्न वाजला.

“मागे हो,” ती ओरडली आणि काठी टाकून दिली.